गाणं विसरणारे दगडूनाना

एखादं गाणं चांगलं वाजवायचं असेल तर आधी ते विसरावं लागतं, असं दुसऱ्या कोणी मला सांगितलं असतं तर मी त्याला दुकानाची पायरी दाखवली असती. दगडूनाना बँडवाल्यांनी सांगितलं, तेव्हा मी त्यांच्यासाठी चहा मागवला. का, ते आजही मला धड सांगता येत नाही. हा माणूस समोर उभा राहिला की त्याच्यावर रागवायचं राहूनच जायचं.

माझं जळगावात घड्याळं आणि फोनो दुरुस्तीचं दुकान होतं. बोलपट यायला अजून अवकाश होता. नाटक कंपन्या गावोगाव फिरत होत्या, आणि ज्याच्या घरी तबकडीचा फोनो त्याच्या ओसरीवर अर्धी आळी, असे ते दिवस. मी स्वभावानं काटेकोर. घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं तर मला जेवण गोड लागत नाही. गाण्याचंही तसंच. तबकडीवर जे गायलं गेलं ते गाणं, बाकी सगळा धुडगूस, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी कोणी विचारलं नाही तरी सांगत असे. गावात माझं खरं नाव कोणी घेत नसे. सगळे घड्याळजीच म्हणायचे.

नाना अंगानं किरकोळ, गाल मात्र चांगले भरलेले. बँडचा लाल कोट ते भाजी आणायलाही घालून जात. कोटाला सात पितळी बटणं होती, त्यातलं एक कायम गायब, आणि गायब असलेलं दर आठवड्याला वेगळं. काखेत क्लॅरोनेट. न्हाव्यापुढे दाढीला बसले तरी ती मांडीवर आडवी. बायको लवकर गेलेली, घरात एकटी मुलगी मथुरा, आणि बाहेर अकरा माणसांचा बँड. या दोन्ही संसारांत नानांचं कोणी ऐकत नसे आणि नानांना त्याचं काही वाटत नसे.

पहिल्यांदा आले ते तबकडी ऐकायला. तेव्हा एका जुन्या नाटकातलं एक पद सगळीकडे गाजत होतं, ‘वळुनि न पाहिन मागे आता’. नायक लढाईला निघालाय, घरची माणसं अडवतायत आणि तो छाती काढून गातोय. गाणारे बुवा म्हणजे त्या काळचे दैवत. शेवटच्या ‘आता’वर ते जे वर चढत, ते थेट तारसप्तकात जाऊन तिथंच उभे राहत. पद तिथंच संपायचं. ऐकणाऱ्याची मान आपोआप वर व्हायची.

नानांनी डोळे मिटून ते एकदा ऐकलं. मी सुई पुन्हा ठेवायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला.

“नको, घड्याळजी. एकदाच बस. दुसऱ्यांदा ऐकलं तर पाठ होईल.”

“मग पाठच करायचं ना?”

“पाठ झालं की संपलं,” असं म्हणून ते उठून गेले. पुढे आठ दिवस हा माणूस माझ्या दुकानावरून जाताना दोन्ही कानांत बोटं घालून पळायचा. क्लॅरोनेट काखेत, बोटं कानात, कोट उडतोय. लोकांना वाटलं माझं नि त्यांचं भांडण झालंय. दोघे-तिघे मिटवायलाही आले. नवव्या दिवशी नाना स्वतःच दुकानात येऊन बसले आणि मोठं काम उरकल्यासारखे म्हणाले, “बठ्ठं इसरी गऊ.”

“काय विसरलात?”

“गाणं. आता जेवढं उरलं तेवढंच आपलं.”

माझ्याशी ते गावातली मराठी बोलत, पण मनातलं बोलायला लागले की अहिराणीवर घसरत. मी त्यांना तबकडीचं महत्त्व समजावून सांगितलं. चांगली पंधरा मिनिटं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तबकडीत एक माणूस आधीच गातोय. बरा गातोय. मग तेच करायला दुसरा मी कशाला?” याला उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते मला संध्याकाळी सुचलं.

पण विसरणं हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा त्यांनी मला बाजाराच्या दिवशी दाखवला. कापसाच्या गाड्या लागत त्या मैदानात मला घेऊन गेले आणि एका सोडलेल्या गाडीच्या सावलीत बसवून म्हणाले, “ऐका.” काय ऐकायचं? बैलांच्या घंटा, दलालांचा कालवा, कोणी कोणाला शिव्या घालतंय. मग हळूहळू कानावर यायला लागलं. गाठोडी उतरवता उतरवता एक हमाल तेच पद गुणगुणत होता. पलीकडे वांगी विकणारी बाई तेच म्हणत होती. फैजपूरकडून केळी घेऊन आलेला गाडीवान बैलांना पाणी दाखवता दाखवता तेच गात होता. आणि हे सगळेच्या सगळे शेवटी चुकत होते. ‘मागे आता’ला वर चढायचं सोडून खाली उतरत होते, संथ, पायरी पायरीनं, आणि खालच्या सुरावर जाऊन बसत होते.

मला राहवेना. मी उठून त्या गाडीवानाला म्हटलं, “अहो, तिथं वर जायचं असतं.” आणि वर जाऊन दाखवलं. माझा आवाज बारा वाजता अडकलेल्या घड्याळासारखा, त्यामुळे त्याचे दोन्ही बैल पाण्यातून तोंड काढून माझ्याकडे बघायला लागले.

गाडीवान म्हणाला, “तुम्ही जा वर, भो. मी आठे खालेच बरा शे.”

नाना सावलीत लोळून हसत होते. हसणं आवरल्यावर म्हणाले, “घड्याळजी, एक माणूस चुकला तर ती चूक. बठ्ठा गाव एकाच जागी चुकतो तर तिथं काहीतरी शे. अमळनेरला बघा, धुळ्याला बघा, लोक इथंच उतरतात. वऱ्हाडात एका लग्नाला गेलो होतो, तिकडे नाही उतरत. आपल्याकडेच का, ते मला माहीत नाही. पण मी तिथूनच जाणार.”

महिन्याभरात एका मारवाडी शेठजींच्या मुलीचं लग्न निघालं. मुहूर्ताची वेळ अचूक कळावी म्हणून शेठजींनी मला घड्याळासकट मांडवात बसवलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी मिनिटांच्या हिशेबानं सांगू शकतो. वरात दारात आली आणि नानांनी ते पद काढलं. सुरुवात सगळी ओळखीची, अगदी बुवांच्या वळणाची. मला वाटलं, बरा सुधारला माणूस. मग ‘आता’ आलं, आणि क्लॅरोनेट उतरायला लागली. हुसेनभाई ढोलवाल्यानं ढोल जवळजवळ थांबवला, नुसती बोटं फिरवत राहिला. ती उतरत गेली, उतरत गेली, आणि खाली जाऊन अशी टेकली की मांडवातल्या बायकांनी एकदम पदर डोळ्यांना लावले. लढाईला निघालेल्या नायकाचं ते पद, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकीला आपण सासरी निघालो तो दिवस दिसायला लागला. नवऱ्या मुलाचा घोडाही पुढचा एक पाय उचलून तसाच थांबला. शेठजींच्या म्हाताऱ्या आईनं निरोप पाठवला, “परत.” पुन्हा वाजलं. पुन्हा निरोप, “परत.” असं सात वेळा झालं. मी घड्याळ हातात धरून ओरडतोय की मुहूर्त चाललाय, आणि भटजी मलाच गप्प बसायची खूण करतायत. नऊ मिनिटं उशिरा अक्षता पडल्या. स्वयंपाक्याच्या बट्ट्या खालून कोळसा झाल्या. तरी वरण-बट्टी लोकांनी दुप्पट खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका घड्याळाला किल्ली देताना माझ्या लक्षात आलं की मीही ते पद गुणगुणतोय, आणि उतरतोय. मी ताबडतोब थांबलो. कोणी ऐकलं नव्हतं, म्हणून आजवर कबूल केलं नाही.

नानांचं म्हणजे सगळं ‘चालतंय’ असं मात्र नव्हतं. एकदा एका कर्णेवाल्यानं हौसेनं त्या पदात मधेच चार गिरक्या घातल्या. लोकांनी माना डोलावल्या. नानांनी त्याला दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर झाडला. “ह्या गिरक्या कोणाच्या? बुवांच्या नाही. बाजारातल्या बाईच्या नाही. तुला नवीन कोट मिळाला म्हणून घातल्यास ना? वेगळं करायचं म्हणून केलेलं वेगळं माणसाला लगेच कळतं. गाणं आपल्याकडं पाहुणं आलं तर त्याला घरातलं जेवायला वाढायचं. आपले कपडे नाही घालायचे त्याला.” कर्णेवाल्याला यातलं काही कळलं नसावं, कारण मलाही सगळं कळलं नव्हतं. पण गिरक्या बंद झाल्या.

आता मथुरेकडे येतो. मुलगी बापासारखीच हसरी, पण डोकं ठिकाणावर. तिला धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर. दोघांनी एकमेकांना पाहिलं, आणि मथुरा पाहण्याच्या कार्यक्रमातून जी हसत उठली ती चार दिवस हसतच होती. सगळं जुळलं. मग मुलाचे वडील, गोविंदआबा, पक्की बोलणी करायला जळगावला आले आणि नाना त्यांना कौतुकानं माझ्या दुकानात घेऊन आले. कारण मोठं होतं. गोविंदआबा म्हणजे बुवांच्या कंपनीतले ऑर्गनवाले. बारा वर्षं बुवांच्या मागे बसून वाजवलेलं. त्या तबकडीवर जो ऑर्गन वाजतो तो त्यांचाच.

मी तबकडी लावली. आबांचं डोळे मिटून ऐकणं बघण्यासारखं होतं. उंच, कडक माणूस, टोकदार मिशा, आणि गालावरून पाणी ओघळतंय. बोटं गुडघ्यावर वाजवत होती. बुवा शेवटी वर चढले तसे आबा खुर्चीतून अर्धे उठले. मी सुई उचलली. आणि नेमक्या त्या वेळी रस्त्यावरून एक टांगेवाला चालला होता. मजेत, मोठ्यानं, ‘वळुनि न पाहिन मागे आता’ म्हणत, आणि ‘आता’ला थेट खाली.

आबांचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांच्या पायावर टांग्याचं चाक गेलं. ते बाहेर धावले. “हे असं कोणी शिकवलं तुला?”

टांगेवाला अभिमानानं म्हणाला, “शिकवाचं काय त्यात? आमच्या दगडूनानांचा बँड असंच वाजवतो की.”

आबा परत आले ते नानांकडे न बघता उभे राहिले. म्हणाले, “बुवा गेले. आता मागे ही एक तबकडी आणि हे पद एवढंच राहिलंय. त्याची ही दशा माझ्या व्याह्यानं करावी?” नाना काही बोलायला गेले, तर त्यांनी हात वर केला. “वरात याच पदावर निघेल. पण जसंच्या तसं. एक सूर खाली आला तर मी मुलाला घेऊन स्टेशनवर परत जाईन.” त्यांचा शब्द म्हणजे शब्द, हे त्यांच्या मिशांकडे बघूनच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मथुरा एकटीच दुकानात आली. पहिल्यांदाच मी तिला न हसताना पाहिलं. “काका,” ती म्हणाली, “मला तेच घर हवंय. मी स्पष्टच सांगते. नानांना एका दिवसापुरतं जसंच्या तसं वाजवायला शिकवा. ते माझ्यासाठी हो म्हणालेत, पण त्यांना येणार नाही. त्यांनी आजवर एक गोष्ट दोनदा सारखी केलेली नाही. चहासुद्धा.”

मला मनातून आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. इतक्या दिवसांनी नाना माझ्या ताब्यात आले होते. रोज दुपारी ते यायचे, मी तबकडी लावायचो, ते ऐकायचे, वाजवायचे, आणि मी पट्टी घेऊन बसायचो. पहिले दहा दिवस त्यांची बोटं ‘आता’ आलं की आपोआप खाली यायची. मी पट्टी आपटायचो. ते म्हणायचे, “हां हां, चुकलं,” आणि परत खाली. कंटाळून मी त्यांना खुर्चीवर उभं केलं, म्हटलं, वर जायचंय हे शरीराला तरी कळू दे. खुर्चीवर उभं राहून त्यांनी ते आणखी खालून वाजवलं आणि आम्ही दोघंही इतके हसलो की शेजारचा किराणावाला विचारायला आला.

पण विसाव्या दिवशी आलं. अगदी तबकडीसारखं. काटा काट्यावर. मी म्हटलं, “झालं, नाना.”

नानांनी क्लॅरोनेट मांडीवर ठेवली. “झालं ना? मथीचं काम झालं. पण घड्याळजी, आज सकाळी मी बोटं धुतली तर मला वाटलं दुसऱ्या कोणाची धुतोय.” आणि हसले. मला त्या हसण्याचा त्रास झाला. इतके दिवस मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते बघवत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं धुळ्याची मंडळी उतरली. वधूपित्यानं बँडमध्ये वाजवायचं नसतं, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. नाना लाल कोटावर उपरणं टाकून बँडच्या पुढे उभे राहिले आणि म्हणाले, “कन्यादान मांडवात. इथं स्टेशनवर मी बँडमास्तर.” वरात निघाली. सर्वांत पुढे नाना, त्यांच्या मागे गोविंदआबा, डोळे मिटलेले, बोटं हवेत ऑर्गन वाजवतायत. आबांच्या एका बाजूला मी, साक्षीदार म्हणून.

नानांनी वाजवलं. पहिल्यांदा अचूक. दुसऱ्यांदा अचूक. आबांच्या चेहऱ्यावरची गाठ सैल झाली. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले लोक एकमेकांकडे बघायला लागले. “नानांना बरं नाही का?” मी दोन-तीन ठिकाणी ऐकलं. हुसेनभाई ढोल असा बडवत होता जणू तो ढोल त्याचा नाहीच.

वरात बाजारापाशी आली. तिथं तर सगळा गावच जमला होता, कारण दगडूनानांच्या मुलीची वरात म्हणजे घरचं लग्न. तिसऱ्यांदा पद सुरू झालं. लोक वाट बघत होते. ‘आता’ आलं, क्लॅरोनेट वर चढली, आणि त्याच क्षणी सगळा बाजार तोंडानं खाली उतरला. भाजीवाल्या, हमाल, टांगेवाले, सगळे. ठरवून नाही. त्यांना राहवलं नाही. वर एकटी क्लॅरोनेट आणि खाली सगळा गाव. नानांचे डोळे बाहेर आले होते, गाल फाटतील की काय असे फुगले होते, पण ते वरच थांबले. मुलीसाठी त्यांनी तो सूर सोडला नाही. मी शपथेवर सांगतो, अर्धा कणही हलला नाही.

आबांनी हात वर करून वरात थांबवली. “हे कोण गातंय?”

“मी नाही, आबा,” नाना धापा टाकत म्हणाले. “मी तर वर होतो. गाव गातंय.”

दुसरा कोणी असता तर स्टेशनकडे वळला असता. पण आबा जातिवंत शिकवणारे होते. चुकीचं गाणं सोडून निघून जाणं त्यांना जमलं नाही. शेजारी एका तेल्याची हातगाडी उभी होती. नवऱ्या मुलाचे वडील, रेशमी काठाचं धोतर, फेटा, ते त्या हातगाडीवर चढले आणि सगळ्या बाजाराची शाळा घेऊ लागले. “ऐका. माझ्यामागे म्हणा. वळुनि न पाहिन, मागे, आऽताऽ!” गेले वर. बाजारानं मन लावून म्हटलं, आणि उतरला. “नाही. वर. हात वर करा.” सगळ्यांनी हात वर केले. हात वर, आणि सूर खाली. “पुन्हा.” पुन्हा तेच. हुसेनभाई ढोलावर डोकं टेकून हसत होता. नवरा मुलगा घोड्यावर बसून मुंडावळ्यांच्या आड हसत होता. मी पट्टी आणली नव्हती याचं मला फार वाईट वाटलं. आबा लालबुंद झाले. चौथ्यांदा त्यांनी छाती भरून घेतली, “वळुनि न पाहिन, मागे, आता”, आणि उतरले.

आबा उतरले. हातगाडीवर उभे राहून, संथ, पायरी पायरीनं, खालच्या सुरापर्यंत. आणि तिथं गेल्यावर त्यांना कळलं की आपण कुठं आलोय.

नाना पुढे झाले आणि त्यांनी आबांना हात दिला. आबा खाली आले पण हात सोडेनात. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की ऐकायला आम्ही दोघंच होतो.

“बुवांचा शेवटचा प्रयोग धुळ्याला होता,” ते म्हणाले. “आवाज पार बसलेला. मी ऑर्गनवर वरचा सूर धरून वाट बघत होतो. ते आलेच नाहीत. असेच खाली उतरले. लोकांनी वन्समोर दिला. दुसऱ्यांदाही तसेच उतरले. पुन्हा वन्समोर. पाच तालुक्यांतून माणसं गाड्या जुंपून आली होती. बुवांना वाटलं, लोक आपली थट्टा करतायत. त्यांनी तोंडाचा रंग पुसला आणि परत कधी उभे राहिले नाहीत. मलाही थट्टाच वाटली. इतकी वर्षं. तुमचा टांगेवाला तसं गायला तेव्हा मला वाटलं, अजून चालूच आहे.”

नानांनी आबांचा हात आणखी घट्ट धरला. मग म्हणाले, “आबा, थट्टेचं गाणं कोणी बैलांना पाणी पाजताना म्हणत नाही.”

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बाजाराकडे पाहिलं. वांगी विकणारी ती बाई टोपली डोक्यावर घेऊन अजून तशीच उभी होती, हात वर केलेला, आता काय म्हणायचं म्हणून वाट बघत. आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. “वाजवा,” म्हणाले. “तुमचं वाजवा.”

त्यानंतरचं मला मिनिटांच्या हिशेबानं सांगता येणार नाही, कारण मी घड्याळ बघितलं नाही. बाजारापासून मांडव हाकेच्या अंतरावर होता आणि तिथं पोचायला आम्हाला दुपार झाली. नाना उतरायचे, सगळा गाव उतरायचा, आबा ‘परत’ म्हणायचे. मधे कुठंतरी आबा हातगाडीवर परत चढले, शिकवायला नव्हे. मांडवाच्या दारात मथुरा हळदीच्या साडीत, दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत उभी होती. मुहूर्ताबद्दल भटजींनी मला काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. कन्यादान नानांनी लाल कोटातच केलं. कोटाची त्या दिवशी तीन बटणं गायब होती.

त्याच महिन्यात मी मुलाकडे नाशिकला राहायला गेलो आणि दुकान तिकडे हलवलं. नानांना मी शेवटचं पाहिलं ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, जळगावच्या फलाटावर. पाठवणीला बँड आला होता. मथुरा गाडीत बसली, शेजारी तिचा मास्तर. आबा खिडकीतून म्हणाले, “व्याही, होऊन जाऊ द्या.” नानांनी क्लॅरोनेट तोंडाला लावली, मुलीकडे पाहिलं, आणि फुंकर फुटेना. दोनदा प्रयत्न केला. तोंड एकदा थरथरायला लागलं की क्लॅरोनेट वाजत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग ते सरळ वळले, गाडीकडे पाठ केली, फलाटावरच्या भिंतीकडे तोंड केलं आणि वाजवायला लागले. गाडी हलली. हुसेनभाईनं ढोल धरला. सगळं गाणं त्यांनी भिंतीला ऐकवलं आणि शेवटी उतरले. तो खालचा सूर त्यांनी मागचा डबा फलाटाबाहेर जाईपर्यंत सोडला नाही.

मग तोंड भिंतीकडेच ठेवून विचारलं, “गेली?”

“गेली,” मी म्हटलं.

“काय करत होती?”

“तुमच्याबरोबर गात होती, नाना. वळणापर्यंत डोकं बाहेर काढून.”

“कशी गायली? वर गेली की खाली?”

मी खोटं बोलत नाही. “गाडीच्या आवाजात काही कळलं नाही.”

तेव्हा नाना वळले. डोळे लाल, गाल ओले, आणि चेहऱ्यावर हसू पसरत चाललेलं. “मग तिनं तिचं तिसरंच काहीतरी केलं असंल,” ते म्हणाले. “माझीच ना. पोरगी मनी शे.” आणि फलाटावर उकिडवे बसून, क्लॅरोनेटचे भाग सोडवून, ते एकेक कोटाला पुसायला लागले.